७२ सेकंदांचं उघडं पुस्तक

मार्च २०२०. लंडनची रुग्णालयं कोविडच्या रुग्णांनी भरायला लागली होती, आणि इम्पिरियल कॉलेजमधल्या वैद्यकीय शाखेचे शेवटच्या, म्हणजे सहाव्या वर्षाचे सुमारे २८० विद्यार्थी अंतिम लेखी परीक्षेच्या तोंडावर होते. एरवी ही परीक्षा सभागृहात व्हायची, पुस्तकं बाहेर ठेवून, पर्यवेक्षकांच्या नजरेखाली. त्या वर्षी एवढी मुलं एका छताखाली बसवणं शक्यच नव्हतं. परीक्षा पुढे ढकलावी तर हीच मुलं लवकरच वॉर्डात डॉक्टर म्हणून हवी होती. कॉलेजने परीक्षा मुलांच्या घरी नेली आणि पुस्तकं उघडायला मुभा दिली. दोन पेपर, प्रत्येकी १५० प्रश्न, प्रत्येकी तीन तास. भागाकार केला तर एका प्रश्नाला ७२ सेकंद.

मी औषधशास्त्र शिकवते. आमच्या क्षेत्रात ‘ओपन बुक’ म्हटलं की दोनच सूर निघतात. एक म्हणतो, पुस्तक उघडून पास झालेल्या डॉक्टरकडे मी माझ्या आईला नेणार नाही. दुसरा म्हणतो, घोकंपट्टीचे दिवस गेले, आता सगळं फोनवर आहे. इम्पिरियलचं प्रकरण मी गेली काही वर्षं पुन्हा पुन्हा चाळत आले आहे. नीट पाहिलं तर त्यात या दोन्ही सुरांना पुरेसा आधार सापडत नाही.

आधी पेपर कसा होता ते पाहू. पदवीपूर्व वैद्यकीय शिक्षणाचे प्रमुख अमीर सॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी या परीक्षेवर लिहिलं. प्रश्न रुग्णाच्या प्रसंगावर बेतलेले होते: रुग्णाचं वय, तक्रार, तपासणीत काय सापडलं, अहवालातले आकडे, आणि मग ‘पुढचं सर्वांत योग्य पाऊल कोणतं’. प्रत्येकाला प्रश्न वेगळ्या क्रमाने येत होते. पुस्तकात किंवा गूगलवर एका झटक्यात उत्तर सापडेल असा प्रश्न ठेवायचा नाही, हा त्यामागचा मुख्य विचार होता.

हे ऐकायला सोपं वाटतं, पण ज्याने पेपर काढला आहे त्याला यातली मेहनत कळेल. ‘मेटफॉर्मिनचे दुष्परिणाम लिहा’ हा प्रश्न काढायला मला दहा सेकंद लागतात. पुस्तक उघडं असेल तर तो प्रश्नच राहत नाही, ती उतरवून काढायची यादी होते. आता हाच विषय असा विचारून पाहा: ६८ वर्षांच्या बाई, मधुमेह १५ वर्षांपासून, मेटफॉर्मिन रोज दोनदा, पायाला सूज, आठवडाभर भूक नाही, ईजीएफआर २६. आज कोणतं औषध बंद कराल? ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडं किती काम करतात ते सांगणारा आकडा, ३० च्या खाली गेला की मेटफॉर्मिन द्यायचं नाही, हे वाक्य कुठल्याही पुस्तकात आहे. पण त्या वाक्यापाशी जायला सूज, भूक आणि तो एक आकडा एकत्र जुळवून ‘इथे मूत्रपिंडाचा प्रश्न आहे’ असं आधी वाटलं पाहिजे. ते वाटणं पुस्तकात कुठेही लिहिलेलं नसतं. असा एक प्रश्न बेतायला, त्याचे पर्याय तपासायला आणि सहकाऱ्याकडून उलटसुलट तपासून घ्यायला माझी एक अख्खी दुपार जाते. दोन पेपरांचे मिळून असे ३०० प्रश्न हाताशी असणं म्हणजे वर्षानुवर्षं जमवलेली प्रश्नपेढी असणं. इम्पिरियलचं मार्चमधलं यश तंत्रज्ञानाच्या खात्यावर टाकलं जातं. माझ्या मते त्यातला मोठा वाटा त्या आधीच तयार असलेल्या प्रश्नांचा होता.

आता ते ७२ सेकंद. प्रसंगाधारित प्रश्न नुसता लक्ष देऊन वाचायलाच अर्धं मिनिट जातं. समजा, एका विद्यार्थ्याने पेपरात तीस वेळा पुस्तक किंवा संगणक चाळला आणि दर वेळी दोन मिनिटं घालवली. त्याचा तासभर गेला. उरलेल्या दोन तासांत १५० प्रश्न, म्हणजे प्रत्येकाला ४८ सेकंद. म्हणून पुस्तक उघडं असलं तरी ज्याच्या डोक्यात बरंचसं आधीच आहे तोच ते उघडू शकतो, तेही चार-सहा ठिकाणी, खात्री करून घ्यायला. आपली नीट-पीजी आठवा: साडेतीन तासांत २०० प्रश्न, म्हणजे एकाला ६३ सेकंद. समजा उद्या नीट-पीजीला पुस्तक नेऊ दिलं आणि वेळ तेवढाच ठेवला, तर गुणवत्ता यादी फारशी हलणार नाही असं मला वाटतं. वेळ दुप्पट केला तर मात्र ती वेगळीच परीक्षा होईल. म्हणून कुणी ‘आम्ही ओपन बुक घेतली’ म्हणालं की मी पहिल्यांदा विचारते, एका प्रश्नाला किती वेळ दिलात?

इथपर्यंत इम्पिरियलच्या बाजूने बोलले. पण या प्रकरणात एक गुंता आहे आणि तो सोडवल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. त्या मार्चमध्ये एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या. पुस्तक उघडलं. सभागृहातला पर्यवेक्षक गेला. आणि परीक्षा घरच्या टेबलावर आली, जिथे प्रत्येकाची खोली, प्रत्येकाचं इंटरनेट, प्रत्येकाची शांतता वेगळी. या तिन्ही गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नाहीत. पर्यवेक्षकासमोर सभागृहात बसून पुस्तक उघडता येतं. घरी बसून बंद पुस्तकाची परीक्षाही घेता येते, फक्त तिच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. कोविडने तिन्ही एका गाठोड्यात बांधल्या आणि तेव्हापासून आपण त्या गाठोड्यालाच ‘ओपन बुक’ म्हणतो. कॉपीची भीती ही खरं तर पर्यवेक्षक नसण्याबद्दलची भीती आहे, पण तिचा राग पुस्तकावर निघतो.

मग नुसतं पुस्तक उघडल्याने शिकण्यावर काय परिणाम होतो? याचं चांगलं उत्तर नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन इथून मिळतं. तिथल्या विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत कोविडच्या कितीतरी आधीपासून एकाच परीक्षेचे दोन भाग असत: एक बंद पुस्तकाचा, एक उघड्या पुस्तकाचा. डॉक्टरने कोणत्याही क्षणी डोक्यात बाळगायचं ज्ञान पहिल्या भागात. ज्याची पार्श्वभूमी समजलेली हवी पण तपशील पाहून घेतला तरी चालेल, ते दुसऱ्या भागात. मार्योलाइन हेइने-पेनिंगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तपासलं की मुलं या दोन भागांसाठी अभ्यास कसा करतात. सर्वांची अपेक्षा होती की उघड्या पुस्तकासाठी मुलं जास्त खोलात जाऊन, अर्थ लावत वाचतील. निघालं उलट. खोलवर अभ्यास बंद पुस्तकाच्या तयारीत जास्त होता.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी अस्वस्थ झाले, कारण माझी स्वतःची समजूत अगदी विरुद्ध होती. अमेरिकेत पूजा अगरवाल आणि हेन्री रोडिजर यांनी २०११ मध्ये याच्याच शेजारची गोष्ट दाखवली: पुस्तक उघडं असणार अशी अपेक्षा असलेले विद्यार्थी तयारीला कमी वेळ देतात, आणि नंतर घेतलेल्या बंद पुस्तकाच्या चाचणीत मागे पडतात. याच गटाचा २००८ चा आणखी एक निष्कर्ष मला शिक्षक म्हणून जास्त उपयोगी वाटतो. सरावाची चाचणी उघड्या पुस्तकाने घ्या किंवा बंद पुस्तकाने घेऊन लगेच बरोबर उत्तर दाखवा, आठवड्यानंतर लक्षात राहणं जवळपास सारखंच, आणि दोन्ही नुसत्या पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा सरस. म्हणजे दोष पुस्तकात नाही, ‘पुस्तक आहे ना, मग कशाला वाचू’ या निश्चिंतीत आहे. ती निश्चिंती मोडायची तर पहिल्या इंटर्नललाच तसा पेपर समोर यावा लागतो. भाषणाने ती मोडत नाही.

इम्पिरियलच्या मुलांना ही निश्चिंती का परवडली नसती, याचं एक कारण ब्रिटनच्या वॉर्डात आहे. तिथे ब्रिटिश नॅशनल फॉर्म्युलरी हे औषधांचं पुस्तक, सगळे ज्याला बीएनएफ म्हणतात, वर्षातून दोनदा नव्याने छापून येतं आणि ते उघडून औषध लिहिणं हा कमीपणा समजला जात नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रिस्क्रायबिंग सेफ्टी असेसमेंट नावाची परीक्षा, जी शेवटच्या वर्षाची मुलं २०२० च्या आधीपासून देत आली आहेत. दोन तास, ६० प्रश्न, २०० गुण, पर्यवेक्षकासमोर, आणि बीएनएफ उघडायला पूर्ण परवानगी. औषध लिहा, चुकीचं लिहिलेलं ओळखा, मात्रा मोजा, कोणत्या तपासणीवर लक्ष ठेवाल ते सांगा. सुरक्षित डॉक्टर आठवणीवर विसंबून औषध लिहीत नाही, हे या परीक्षेने नियमातच बसवून टाकलं आहे. पुस्तक उघडून वेळेत काम करणं हे कौशल्य ती मुलं आधीच शिकत होती. मार्चमध्ये नवं काय होतं, तर घर.

आमच्याकडची एक गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी एका ओपीडीत एक इंटर्न मुलगी टेबलाखाली फोन धरून काहीतरी बघत होती. मला पाहून तिने तो झटकन एप्रनच्या खिशात टाकला. ‘काय बघत होतीस?’ म्हटलं. ती आधी गप्प. मग हळूच म्हणाली, ‘मॅडम, लहान मुलाचा डोस बघत होते. पेशंटसमोर बघितलेलं सरांना आवडत नाही.’ पंधरा किलोचं मूल होतं, दाताचं काम होतं, आणि बधिर करणाऱ्या लिग्नोकेनची मात्रा ती वजनाप्रमाणे मोजत होती. किलोला ४.४ मिलिग्रॅम धरले तर ६६ मिलिग्रॅम, म्हणजे दोन टक्क्यांच्या द्रावणाचे ३.३ मिलिलिटर, याहून जास्त नाही. गणित तिने बरोबर केलं होतं. तिने केलेली सर्वांत योग्य गोष्ट तिला लपून करावी लागली. इतकी वर्षं आम्ही तिला शिकवलं होतं की बघणं म्हणजे न येणं. ती शिकवण परीक्षेच्या हॉलमधून आली होती आणि ओपीडीत पोचली होती.

आणि तरीही तिच्या डोक्यात काही गोष्टी बघितल्याशिवाय असायलाच हव्यात. तेच इंजेक्शन दिल्यावर खुर्चीतल्या प्रौढ रुग्णाच्या अंगावर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला, रक्तदाब उतरला, तर अॅड्रेनलिन, ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे एक हजारात एक या द्रावणाचे अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. त्या क्षणी फोन उघडायला वेळ नाही. हे बंद पुस्तकानेच विचारलं पाहिजे, आणि तेही पुन्हा पुन्हा.

या दोन टोकांच्या मधे जी जागा आहे तिथे खरी अडचण आहे, आणि दंतवैद्यकात ती रोज भेटते. चौसष्ट वर्षांचे गृहस्थ, दाढ सुजलेली, पू झालेला. अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल ही प्रतिजैविकांची जोडी हाताला इतकी सवयीची आहे की पेन आपोआप चालतं. काकांच्या हृदयाची कृत्रिम झडप आहे आणि ते वॉरफरिन घेतात. ते स्वतः ‘वॉरफरिन’ म्हणत नाहीत, ‘रक्त पातळ व्हायची गोळी’ म्हणतात, आणि विचारलं नाही तर तेही म्हणत नाहीत. मेट्रोनिडाझोल वॉरफरिनचं विघटन रोखतं, आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ दाखवणारा आकडा) चढतो, आणि चार दिवसांनी माणूस रक्तस्रावाने परत येऊ शकतो. समोर कितीही पुस्तकं उघडी ठेवा, ही माहिती शोधायला आधी शंका यावी लागते. गोळीबद्दल विचारण्याची सवय, आणि ‘या दोघांचं जमत नाही बहुतेक’ अशी पुसट का होईना आठवण. त्या पुसट आठवणीच्या जिवावर पुस्तक उघडलं जातं आणि पुस्तकाने ती पक्की होते. माझ्यापुरतं सांगायचं तर उघड्या पुस्तकाच्या परीक्षेने तपासायचं ते हेच. शंका योग्य जागी येते का, आणि आल्यावर विद्यार्थी थांबून बघतो का. बंद पुस्तकाचा पेपर यातलं पहिलं अर्धंमुर्धं तपासतो. दुसरं तो तपासूच शकत नाही, कारण त्याने बघण्याला बंदी घातलेली असते.

इम्पिरियलमध्ये हे चाललं होतं त्या वर्षी महाराष्ट्रात आपण काय करत होतो? आपल्याकडे वाद वेगळाच होता: परीक्षा घ्यायची की नाहीच. राज्य सरकारचा कल शेवटच्या वर्षाच्या परीक्षा न घेण्याकडे होता, विद्यापीठ अनुदान आयोग घ्याच म्हणत होता, आणि २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की आपत्तीमुळे राज्यं परीक्षा लांबवू शकतात, पण परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या परीक्षा लांबल्या आणि शेवटी केंद्रांवर, प्रत्यक्ष, बंद पुस्तकानेच झाल्या. उघडं पुस्तक दिल्ली विद्यापीठाने वापरलं, तेही वैद्यकाबाहेर: ऑगस्ट २०२० मध्ये घरून, कागदावर उत्तरं लिहून, फोटो किंवा स्कॅन काढून पोर्टलवर चढवायची. अनेकांना उत्तरं लिहिण्यापेक्षा ती चढवण्याचाच घोर जास्त होता. प्रश्नांची घडण बहुतांशी जुनीच राहिली आणि देशाच्या मनात ‘ओपन बुक’ म्हणजे कनेक्शन तुटणं असं चित्र बसलं.

आरोग्य विद्यापीठाने घरून परीक्षा न घेण्याला मी दोष देत नाही. इम्पिरियलचे प्राध्यापक स्वतःच्या २८० मुलांचा पेपर स्वतः काढत होते, कारण तेव्हा ब्रिटनमधली प्रत्येक वैद्यकीय शाळा आपली अंतिम परीक्षा आपणच घेत असे. १९९८ साली स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठाला राज्यभरातली वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग अशी शेकडो महाविद्यालयं जोडलेली आहेत, आणि एकच पेपर मुंबईत नि गडचिरोलीत एकाच वेळी उघडतो. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला मुलाचा चेहरा माहीत नसतो. तिथे विश्वास माणसावर ठेवता येत नाही, व्यवस्थेवरच ठेवावा लागतो. पण हे कारण घरून परीक्षा न घेण्याचं आहे, पुस्तक न उघडण्याचं नाही. तेच गाठोडं पुन्हा आडवं आलं.

पुढच्या दोन घडामोडींनी इम्पिरियलच्या प्रयोगाचा अर्थ बदलला. २०२३ च्या सुरुवातीला एका अमेरिकन संशोधनगटाने दाखवलं की चॅटजीपीटी अमेरिकेच्या वैद्यकीय परवाना परीक्षेत उत्तीर्णतेच्या रेषेपर्यंत किंवा तिच्या अगदी जवळ पोचतं, खास प्रशिक्षण न देता. २०२० मध्ये प्रसंगाधारित प्रश्न गूगलला चकवत होता. आता तो अख्खा प्रसंग चिकटवला की उत्तर कारणासकट येतं. पर्यवेक्षकाविना घरून घेतलेल्या, पदवी ठरवणाऱ्या परीक्षेचा मुख्य बचावच त्यामुळे कोसळला. दुसरी घडामोड ब्रिटनमधली. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून पदवी घेणाऱ्या सर्वांसाठी, डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलची एकसमान परवाना परीक्षा लागू झाली आणि तिचा ज्ञानाचा पेपर बंद पुस्तकाचा, देखरेखीखालचा आहे. इम्पिरियलच्या मुलांनाही आता तो द्यावा लागतो.

यावरून ‘बघा, शेवटी बंद पुस्तकच जिंकलं’ असं म्हणणारे मला भेटले आहेत. माझं म्हणणं वेगळं आहे. मागे पडलं ते घर. उघडं बीएनएफ आणि समोर बसलेला पर्यवेक्षक ही जोडी प्रिस्क्रायबिंगच्या परीक्षेत कोविडच्या आधी होती आणि नंतरही राहिली, कारण तिच्यात पुस्तकाची निवड परीक्षकाच्या हातात आहे आणि इंटरनेट विद्यार्थ्याच्या हातात नाही.

आपल्याला सुरुवात करायची तर अंतिम पेपरला हात लावायची गरजच नाही. बीडीएसला १०० गुणांत लेखी ७०, तोंडी २० आणि अंतर्गत १० अशी वाटणी आम्ही वर्षानुवर्षं पाहत आलो आहोत. ते १० गुण आणि एमबीबीएसची अंतर्गत मूल्यमापनं महाविद्यालयाच्या हातात आहेत. माझ्या ट्यूटोरियलच्या चाचणीत मी ग्रोनिंगेनसारखे दोन भाग करते. पहिली वीस मिनिटं वह्या-पुस्तकं पिशवीत: अॅनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी अॅलर्जी), झटका, साखर उतरणं, विषबाधा. मग पुस्तकं बाहेर आणि चार रुग्ण, चाळीस मिनिटं, फोन मात्र माझ्या टेबलावर. पहिल्या चाचणीत मुलं पानं उलटत बसतात आणि दोन रुग्णांपुढे जात नाहीत. दुसऱ्या चाचणीला त्यांच्या पुस्तकांत कडेला रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या दिसतात: मूत्रपिंड, गरोदरपण, वॉरफरिन. तिसऱ्यापर्यंत काही जण आधी रुग्णाची सगळी माहिती वाचून मग एकदाच पुस्तक उघडतात. तसं एखाद्याला करताना पाहिलं की मला फार बरं वाटतं.

एक अडचण अजून सुटलेली नाही, ती म्हणजे मेजावर कोणतं पुस्तक ठेवायचं. परीक्षेसाठी वापरली जाणारी जाडजूड क्रमिक पुस्तकं यंत्रणा समजावतात, रुग्णाच्या खाटेपाशी ती उपयोगी नाहीत. कंपन्यांच्या जाहिराती असलेल्या औषधसूची मी परीक्षेत येऊ देणार नाही. भारतीय औषधसंहिता आयोग काढतो ती नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया आहे, पण बीएनएफसारखी ती आपल्या वॉर्डांत सहज हाताला लागत नाही, आणि आमच्या विभागात तिची एकच प्रत आहे. चाळीस मुलांच्या तुकडीला निदान दहा लागतील. मागणीपत्र दिलं आहे. तोवर ती एक प्रत मधल्या बाकावर असते आणि मुलं एकेक करून उठून बघायला येतात, सगळ्यांसमोर.